आधी पंप, मग तळं

पाणीखात्याच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, जिना संपतो तिथे डाव्या हाताला आकड्यांची खोली होती. दोन टेबलं, एक कपाट आणि एक खिडकी. खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची पांढरी भिंत. दुपारी त्या भिंतीवर आपटून उजेड आत यायचा आणि खोलीतलं सगळं, कागद, कपाट, माणूससुद्धा, पाण्याखाली ठेवल्यासारखं दिसायचं. त्या उजेडात एक बाई अठरा वर्षं बसत होती.

तिचं खरं नाव हजेरीपटापुरतं. ऑफिसात सगळे तिला दशांशबाई म्हणत आणि तिला ते ठाऊक होतं. "काम कुठवर आलं?" असं कुणी विचारलं तर "होत आलं" असं ती कधी म्हणाली नाही, "सात दशांश झालं" म्हणायची. चेष्टा होती, पण मायेची. खात्यात कुणालाही आकड्यांनी सतावलं की तो धापा टाकत जिना चढून तिच्याकडेच यायचा.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर साहेब स्वतः जिना चढून आले. हातात एक फाइल.

"बाई, तळ्यावरच्या नावाड्यांचं निवेदन आहे. शंभर सह्या. त्यांचं म्हणणं, पंपघरातला माणूस मन मानेल तेव्हा मोठा पंप चालवतो आणि त्यामुळे तळं आटतं. तुम्ही आकडे बघून सांगा. हो की नाही. एका पानात."

"एका पानात बसलं तर."

"बसवा," साहेब म्हणाले आणि गेले.

शहराला पाणी त्या तळ्यातूनच यायचं. काठावर पंपघर होतं, त्यात दोन पंप. लहान पंप रोज ठरलेल्या वेळी चालायचा. मोठा पंप टेकडीवरची टाकी भरायला, आणि तो कधी चालवायचा हे पंपवाल्याच्या मर्जीवर सोडलेलं होतं. तो रोज वहीत तास लिहायचा, महिन्याला वही खात्यात यायची, आणि टंकलेखक त्यातला तासांचा रकाना तेवढा संगणकात भरायचा. तळ्याची पातळी मात्र पंपवाला बघत नसे. ती बंधाऱ्यावरचा चौकीदार रोज सकाळी सातला पट्टीवर वाचायचा. म्हणजे दोन माणसं, दोन वह्या, अकरा वर्षं. चार हजारांवर दिवस.

तिने दोन्ही ओळी पडद्यावर एकाखाली एक काढल्या. वरची तळ्याची, संथ, लांब श्वास घेणारी. खालची पंपाची, मध्येच उठणारी, मध्येच पडून राहणारी. ती बराच वेळ नुसती बघत बसली. हे तिचं नेहमीचं. आकडेमोड करण्याआधी ती ओळींकडे असं बघायची जसं कुणी घाटाच्या पायरीवर बसून समोरून जाणाऱ्या दोन माणसांकडे बघतं: बरोबर चाललीत की एकामागे एक? कोण वळलं की कोण वळतं?

तिची पद्धत जुनी होती. आधी तळ्यालाच विचारायचं: तुझे मागचे आठ-दहा दिवस मला ठाऊक आहेत, तर उद्या तू किती उतरशील? तळं आपल्यापुरतं उत्तर देतं आणि थोडं चुकतं. मग तोच प्रश्न पुन्हा विचारायचा, पण या वेळी पंपाचे मागचे दिवसही हाताशी घ्यायचे. चूक तेवढीच राहिली तर पंपाकडे तळ्याची काही बातमी नाही. चूक कमी झाली, आणि योगायोगाने होईल त्याहून जास्त कमी झाली, तर पंपाला काहीतरी आधीच कळलेलं आहे. मग हेच उलटं करून बघायचं: तळ्याकडे पंपाची काही बातमी आहे का? पुस्तकांत याला ग्रेंजर चाचणी म्हणतात. ऋतूंची लय तेवढी आधी काढून टाकावी लागते. नाहीतर एकाच उन्हाळ्यात उतरणाऱ्या कुठल्याही दोन गोष्टी हातात हात घालून चालल्यासारख्या दिसतात.

ऋतू काढून टाकले, चाचणी लावली. उत्तर इतकं स्वच्छ आलं की तिने पुन्हा एकदा पहिल्यापासून करून पाहिलं. मोठा पंप जास्त तास चालला की बरोबर तीन दिवसांनी तळं उतरायला लागायचं. उलट दिशेने काहीच नाही. तळं उतरलं म्हणून पंप चालला, असं आकड्यांत दिसत नव्हतं. आधी पंप, मग तळं.

ती साहेबांकडे गेली आणि जे म्हणायला नको होतं ते म्हणाली. "पंप हे कारण दिसतंय," ती म्हणाली.

"छान," साहेब म्हणाले. "एका पानात बसलं की नाही?"

दोन दिवसांत हुकूम टाइप झाला. पंपवाल्याला पंपघरातून हलवायचं, अकरा वर्षांच्या बेपर्वाईबद्दल लेखी खुलासा मागायचा. हुकूम सहीसाठी साहेबांच्या टेबलावर जाऊन पडला. नावाड्यांनाही तोंडी कळवून झालं.

तिसऱ्या दिवशी दुपारी डबा खाता खाता तिने सहज एका पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. तळं केवढं, पंप केवढा. मोठा पंप दिवसभर न थांबता चालला तर सबंध तळ्याची पातळी किती उतरेल? उत्तर आलं: एक मिलिमीटरही नाही. आणि पट्टीवर तर आठवड्यात सात-सात सेंटिमीटर उतार दिसत होता. म्हणजे चमच्याने हौद उपसावा आणि हौद रिकामा व्हावा, तसं. तिचा घास हातात राहिला. हे काम आधी करायचं होतं. अठरा वर्षांत पहिल्यांदा तिने उत्तराच्या स्वच्छपणावर भुलून पाण्याकडे पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली आणि सकाळच्या बसने तळ्यावर गेली.

बस तिला वळणावर उतरवून गेली तेव्हा धुकं होतं. तळं दिसतच नव्हतं. नुसती एक पांढरी जागा होती, आणि तिच्यातून कुणीतरी वल्हं मारल्याचा आवाज येत होता. पंपघर दगडी, बुटकं. आत लहान पंप गुरगुरत होता. दारात एक उंच, काटकुळा म्हातारा एका जागी इतका स्थिर उभा होता की तिला आधी तो खांबच वाटला. त्याला तळ्यावर सगळे बगळा का म्हणतात हे तिला सांगावं लागलं नाही.

"खात्यातून आलात?" त्याने मान न हलवता विचारलं.

"हो."

"मग हुकूम घेऊन आला असाल."

"नाही काका. मी विचारायला आले."

आता त्याने मान वळवली. तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आत गेला, एक स्टूल आणून दारात ठेवलं. स्वतः उंबऱ्यावर टेकला. "विचारा," तो म्हणाला.

"मोठा पंप कधी चालवायचा हे तुम्ही कशावरून ठरवता?"

म्हाताऱ्याने हनुवटीने समोर दाखवलं. समोर धुक्याशिवाय काहीच नव्हतं. "त्या झाडांवरून," तो म्हणाला.

"कुठली झाडं?"

"आज नाहीत. आज शून्य." मग त्याला तिची कीव आली असावी. "पलीकडच्या काठावर डोंगराची धार आहे. धारेवर एका रांगेत झाडं. रोज सकाळी आठला मी मोजतो किती दिसतात. हवा दमट असली की पाच, सहा. बरी असली की दहा. पण कधी कधी एखाद्या सकाळी हवा अशी होते, कशी सांगू, कुणीतरी काच पुसल्यासारखी. सगळी झाडं वेगवेगळी दिसतात, फांद्यांसकट. सतरा. सतरा दिसली की तिसऱ्या दिवशी खिंडीतून कोरडा वारा सुटतो. आठवडाभर सुटतो. तो तळं पिऊन टाकतो आणि वर तळाचा गाळ ढवळतो. मग पंपात चिखल येतो, शहराला चिखल जातो. म्हणून सतरा दिसली की मी मोठा पंप लावतो. वारा यायच्या आत टाकी भरून ठेवतो."

तिने पर्समधल्या कागदावर 'सतरा' लिहून घेतलं. पंपाची गुरगुर तेवढी चालू होती.

"हे तुम्ही कुठे लिहून ठेवलंय का?"

"रोज लिहितो. वहीत, समासात. आकडा असतो ना पेन्सिलीचा?"

टंकलेखकाने तासांचा रकाना भरला होता. समासातले पेन्सिलीचे आकडे, बगळा दिवसाला किती कप चहा पितो त्याची नोंद असावी असं समजून, त्याने सोडून दिले होते. हे पुढे त्यानेच कबूल केलं.

चालू महिन्याची वही तिने मांडीवर घेतली. समासात आकडे होते, बारीक, नीट, रोजचे. मग त्याने पत्र्याच्या पेटीतून जुन्या वह्यांच्या त्याने स्वतःसाठी ठेवलेल्या नकला काढल्या. ती पानं उलटत गेली. आठव्या वर्षापासून आकडे उतरू लागले होते. सतराच्या जागी बारा. मग आठ. मग चार. मग शून्य, शून्य, शून्य. पाच महिने नुसती शून्यं.

"इथे काय झालं? पाच महिने धुकं?"

म्हाताऱ्याने पायाशी पाहिलं. "डोळे गेले होते, बाई. मोतीबिंदू. कुणाला सांगितलं असतं तर काढून टाकलं असतं. पण न दिसता सतरा लिहायचं म्हणजे... ते हातून झालं नाही. दिसत नव्हतं, शून्य लिहिलं."

"आणि पंप?"

"तोंडावर वारा लागला की लावायचो. म्हणजे उशीर. चिखल गेला शहरात. लोकांनी शिव्या घातल्या, बरोबरच होतं. मग ऑपरेशन करून घेतलं, सुटीत." तो जरा हसला. "पट्टी काढली आणि पहिल्या स्वच्छ सकाळी मोजली. एकवीस निघाली! चार झाडं मला आधी कधी दिसलीच नव्हती. तेव्हापासून सतराच्या जागी एकवीस धरतो."

पान उलटलं. पाच महिन्यांच्या शून्यांनंतर तिथे खरंच २१ होतं, आणि त्याच्याभोवती पेन्सिलीने एक लहानसं वर्तुळ.

"काका, हे सगळं तुम्ही खात्याला का नाही कळवलं?"

"अकरा वर्षं वह्या जातात," तो म्हणाला. "मला वाटलं, वाचत असतील. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं."

परतीच्या बसमध्ये तिने वह्यांचं गाठोडं मांडीवर धरलं होतं. धुकं विरून पातळ ऊन पडलं होतं. खिडकीबाहेरून शेतं, भिंती, वाळत घातलेले कपडे मागे जात होते, आणि तिच्या डोक्यात म्हाताऱ्याचं शेवटचं वाक्य फिरत होतं. त्या वाक्याने तिला कुठेतरी भलतीकडे नेलं. तळ्यापासून फार दूर, घरात.

तिला एक थोरला भाऊ होता. दादा. वडील गेल्यावर तो दोन वर्षं घरीच होता. काम सुटलेलं, दिवसभर खाटेवर पडून छताकडे बघणारा. नऊ वर्षांपूर्वी एका शुक्रवारी दोघांचं कशावरून तरी वाजलं आणि ती म्हणाली, "तू या घरात नुसता पाहुण्यासारखा राहतोस." शनिवारी सकाळी दादा बॅग घेऊन गेला. परदेशी, बोटीवरच्या नोकरीला, मग तिथेच एका बंदरात. वर्षातून दोनदा फोन करायचा. तब्येत विचारायचा, हवा विचारायचा. शुक्रवारचा विषय दोघांपैकी कुणी काढला नाही. आधी तिचं बोलणं, मग त्याचं जाणं. मध्ये एक दिवसही नाही. याला चाचणी लावायची तिला कधी गरज वाटली नव्हती.

रविवारी दुपारी आई स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. ती खोलीत आली, दार लोटलं आणि फोन लावला.

"काय गं बारके? सगळं ठीक ना? आई?" दादाचा आवाज घाबरलेला. ती आपणहून कधी फोन करत नसे.

"सगळं ठीक आहे. दादा, एक विचारू?"

"विचार की."

"तू गेलास, ते मी बोलले म्हणून ना?"

पलीकडे मागे कुठेतरी बोटीचा भोंगा वाजला. मग दादा म्हणाला, "काय बोललीस?"

"त्या शुक्रवारी. पाहुण्यासारखा राहतोस म्हणाले."

"असं म्हणालीस तू? मला आठवत नाही." आणि मग, अगदी हळू, "बारके, तिकीट मी मंगळवारीच काढलं होतं."

ती खाटेच्या कडेवर बसली.

"तुम्हा दोघींना सांगायची हिंमत होत नव्हती," दादा म्हणाला. "आठवडाभर मीच खुसपटं काढत होतो. भाजीत मीठ नाही, पंखा कुणी बंद केला. म्हटलं, एकदा कडाक्याचं भांडण झालं की निघणं सोपं जाईल. तू आपली नेहमीसारखी गप्प. शुक्रवारी एकदाची बोललीस."

"म्हणजे भांडलो म्हणून तू गेला नाहीस."

"जायचं होतं म्हणून भांडलो. अगं, नऊ वर्षं हे उरावर घेऊन बसली होतीस?"

"नऊ वर्षं दोन महिने," ती म्हणाली, आणि तिला हसू फुटलं, आणि त्या हसण्यातच रडू. पलीकडे दादाही नाक ओढत होता. मग त्याने हवा विचारली.

डोळे पुसून ती स्वयंपाकघरात गेली. आईसमोर बसली, मटाराच्या शेंगांची मूठ ओढून घेतली.

"आई, दादाने तिकीट आधीच काढलं होतं."

"हो," आई म्हणाली. "शर्ट धुवायला घेतला तर खिशात होतं. वाचलं आणि होतं तसं परत ठेवलं."

"तुला माहीत होतं? मग मला का नाही सांगितलंस?"

आईने सोलणं थांबवून तिच्याकडे पाहिलं. "तू कधी त्याचं नाव तरी काढलंस? मला वाटलं, तुला ठाऊक आहे. न सांगता तिकीट काढलं म्हणूनच तू रुसली आहेस, असंच मी धरून चालले." मग तिचा चेहरा बघून आईने हातातली शेंग खाली ठेवली. "वेडे, काय समजून बसली होतीस तू?"

तिने सांगितलं. आईने ऐकून घेतलं, तिच्या पाठीवरून ओला हात फिरवला, आणि दोघींनी उरलेल्या शेंगा सोलून संपवल्या. वाडगा हिरव्या दाण्यांनी काठोकाठ भरला. खिडकीतून येणारा उजेड त्या दिवशी त्या खोलीतही पाण्यातून आल्यासारखा वाटला.

सोमवारपासून तिने समासातले आकडे स्वतः भरायला घेतले. चार हजार दिवसांची झाडं. ऑफिसात कुणी डोकावून "काय भरताय?" विचारलं की ती "झाडं" म्हणायची, आणि विचारणारा हळूच पाय मागे घ्यायचा. नवव्या दिवशी तिसरी ओळ पूर्ण झाली. मग तिने तोच जुना प्रश्न पुन्हा विचारला, पण आता तळ्याच्या हाताशी तळ्याचे मागचे दिवस होते आणि झाडांचेही. त्यांच्यात पंप मिळवला. अंदाज रतीभरही सुधारला नाही. पंपाकडची सगळी बातमी झाडांचीच होती. पंप नुसता निरोप्या होता. आणि शून्यांचे पाच महिने वेगळे काढले तर तिथे पंप तळ्याच्या पुढे नव्हताच, मागे होता. तरी तळं उतरायचं तेवढं उतरलंच होतं. त्या पाच महिन्यांत वारा सहाच वेळा आला होता. सहा म्हणजे फार नव्हेत, हे तिने अहवालात ठळक अक्षरांत लिहिलं.

साहेबांनी अहवाल वाचला. सात पानं होती.

"बाई, चाचणी तुमची, उत्तर तुमचं. आता माघार कसली? मी लोकांना सांगून बसलोय."

"चाचणी म्हणाली, पंप आधी चालतो. पंप पाणी संपवतो असं ती म्हणाली नव्हती. ते मी म्हणाले. चूक माझी आहे, साहेब, तसं लिहून देते. पण त्या माणसाला हलवू नका."

"आणि ते नावाडी? त्यांना ही झाडं सांगू? हसतील मला."

"मी सांगते," ती म्हणाली.

नावाड्यांची पुढारी एक पन्नाशीची बाई होती. सगळे तिला अक्का म्हणत. तिच्या पाच नावा होत्या, आवाज खणखणीत होता, आणि तिचं गाऱ्हाणं खोटं नव्हतं. पाणी उतरलं की नावा गाळात रुतायच्या आणि काठच्या लव्हाळ्यात मासे अंडी घालायचे ती जागा कोरडी पडायची. उलट्या घातलेल्या नावेवर बसून तिने दशांशबाईचं सगळं ऐकून घेतलं.

"झाडं," ती म्हणाली.

"हो."

"हे बघा ताई, तुमचा कागद मला कळत नाही आणि मला तो कळायला नको. पंपामुळे पाणी जात नाही म्हणता ना? मग मोठ्या पंपाला कुलूप लावा. किल्ली माझ्याकडे. वारा येऊन जाईपर्यंत. पाणी नाही उतरलं, तर बगळ्याने घरी जायचं."

अकरा वर्षांचे आकडे जे सांगू शकत नव्हते ते एका कुलपाने कळणार होतं, आणि हे दशांशबाईला स्वतःला सुचायला हवं होतं. "चालेल," ती म्हणाली. दोन दिवस साहेबांचा होकार मिळेना. अक्का स्वतः येऊन साहेबांच्या केबिनमध्ये बसली तेव्हा अर्ध्या तासात मिळाला.

कुलूप लागलं. अक्काने पाण्यात एक लोखंडी सळई रोवली आणि तिच्यावर कानशीने खुणा पाडल्या. खात्याच्या पट्टीवर तिचा विश्वास नव्हता. शहरात नळ रोज तासभर कमी केले. तीन आठवडे काहीच झालं नाही. तळं काचेसारखं पडून होतं. आकाश तळ्यात होतं की तळं आकाशात, सांगता येऊ नये अशा दुपारी गेल्या.

मग एका सकाळी पंपघरातून निरोप आला: एकवीस.

दशांशबाई पहिल्या बसने गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास खिंडीच्या बाजूने पाण्यावर एक काळसर रेघ उमटली, सरकत सरकत जवळ आली आणि वारा तोंडावर आदळला. कोरडा, भाजणारा. ओठ तासाभरात फुटले. अक्का रोज सकाळी गुडघाभर पाण्यात उतरून सळईला बोटं लावायची. पहिल्या दिवशी अर्धं बोट. तिसऱ्या दिवशी दोन. सातव्या दिवशी वारा पडला तेव्हा वरच्या खुणेपासून पाणी चार बोटं खाली होतं. मोठ्या पंपाच्या कुलपावर धूळ बसली होती.

अक्का पंपघराच्या दारात आली. कमरेची किल्ली काढून तिने बगळ्याच्या हातात ठेवली.

"कुलूप मीच लावलं, आणि पाणी गेलं ते गेलंच," ती म्हणाली. "अकरा वर्षं तुला शिव्या घातल्या रे."

"ऐकू यायच्या," बगळा म्हणाला. "पाण्यावरून आवाज लांब जातो."

अक्का आधी ओशाळली, मग मोठ्याने हसली. तिला हसताना बघून काठावरचे चार नावाडीही हसले.

हुकूम सही न होताच फाटला. बगळा पंपघरात आणखी तीन वर्षं राहिला. दादा त्याच वर्षी बारा दिवसांसाठी घरी आला. पाचव्या दिवशी दोघांचं पंख्यावरून जोरात वाजलं आणि संध्याकाळी तिघं एकाच ताटलीतून शेंगा खात बसली. तळं मात्र वाचलं असं म्हणता येणार नाही. समासातल्या आकड्यांवरून दिसत होतं की सुरुवातीच्या वर्षांत वारा वर्षाला आठ-नऊ वेळा यायचा, आता तेरा-चौदा वेळा येतो. का, ते आकडे सांगत नव्हते. अक्काने विचारलं तेव्हा दशांशबाईने "माहीत नाही" म्हणून सांगितलं, आणि अक्काला ते उत्तर सात पानांपेक्षा पटलं.

पण तीन दिवस आधी कळतंय, तर त्याचा उपयोग का करू नये, असं अक्काचं म्हणणं पडलं. तेव्हापासून धारेवरची सगळी झाडं दिसली की बगळा पंपघराच्या छपरावर एक लाल कापड चढवू लागला. कापड दिसलं की नावाडी जाळी गुंडाळून नावा खोल बाजूला न्यायचे.

पहिल्यांदा ते कापड चढलं त्या दिवशी दशांशबाई तिथेच होती. दुपार होती, पानही हलत नव्हतं. कापड काठीला चिकटून लोंबत होतं. काठाकाठाने नावा सुटल्या, एक, मग दोन, मग बारा-पंधरा, आणि स्तब्ध पाण्यावरून संथपणे पलीकडे निघाल्या, मागे लांब घड्या सोडत. रस्त्याने चाललेला एक वाटसरू थांबून बघत राहिला. मग त्याने तिला विचारलं, "हे कापड लावलं की काय होतं?"

"वारा येतो," ती म्हणाली. "तिसऱ्या दिवशी."

"कापडामुळे?"

ती उत्तर द्यायला वळली, पण मधूनच थांबली. शेवटची नाव नुकतीच सुटली होती. तिने बाजूच्या दगडावर थोडं सरकून त्याला जागा करून दिली. "बसा," ती म्हणाली. "वेळ आहे का तुम्हाला? सांगते."